नितेशच्या नावाचं रक्त

"म्हणजे तुम्ही रक्त तपासता," असं कोणी म्हणालं की नोकरीत असताना माझं डोकं सटकायचं. अजूनही सटकतं. माणूस निवृत्त होतो, त्याचा स्वभाव थोडाच होतो! भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये आम्ही राहतो, तिथे बिल्डिंगभर मी 'लॅबवाली आंटी'. लिफ्टमध्ये गाठून लोक शुगरचा रिपोर्ट नाकासमोर धरतात. "आंटी, देखो ना, ये ज्यादा है क्या?" अरे बाबा, किती असायला हवं ते शेजारीच छापलेलं असतं, वाच की! मी म्हणते, मी शुगर बघत नव्हते, डीएनए बघायचे. मग समोरचा एक पाऊल मागे सरतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मतलब, बच्चा किसका है... वो वाला?"

ही समजूत टीव्हीवरच्या मालिकांनी करून दिलेली. डीएनए म्हणजे कोर्ट, डीएनए म्हणजे भानगड. माझ्या उभ्या नोकरीत भानगड म्हणावी असं एकदाच अंगावर आलं, आणि तीसुद्धा शेवटी भानगड नव्हतीच. तेच आज लिहायला बसले आहे. पण आधी आमच्या कामाची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्हीही मला शुगर विचाराल.

आमची लॅब मीरा रोडला, एका शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर. खाली मोबाइलची कव्हरं, चपला आणि फ्रँकी, वर पांढरे कोट घालून आम्ही. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. वरसाव्याकडे जमिनींना भाव आला तेव्हा तिकडचे एक काका आजोबांची कवळी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. "मी त्यांचाच नातू आहे, एवढं यातून काढून द्या." मी म्हटलं, काका, हे काम आमच्याकडे होत नाही, आणि कवळी तर चकचकीत घासलेली आहे. काका भडकले, "मग काय, न घासता ठेवायची?" नया नगरमधले एक गृहस्थ मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला हे डीएनएवरून सांगा म्हणून हटून बसले होते. आणि पोटुशी बाई तपासणीला आली की तिच्याबरोबरचं कोणीतरी मागे रेंगाळणारच. "मॅडम, तेवढं जरा... मुलगा आहे की..." ते सांगणं गुन्हा आहे, सांगणार नाही, असं मी इतक्या मोठ्याने म्हणायचे की बाहेर बाकावर बसलेले दचकायचे. दचकू देत. त्यांच्यापैकी निम्मे तेच विचारायला आलेले असायचे.

आमचं मुख्य काम थॅलेसेमियाचं. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो आणि त्याची चूक डीएनएत असते. कशी, ते सांगते. आपल्या पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि केंद्रकात डीएनएची लांबच लांब दुपदरी दोरी गुंडाळून ठेवलेली असते. त्या दोरीवर अक्षरं असतात, फक्त चार प्रकारची: ए, टी, जी आणि सी. एका पदरावर ए असेल तर समोरच्या पदरावर टीच असणार, जी असेल तर सीच. म्हणून एक पदर हाताशी असला की दुसरा कसा असेल ते कळतं, आणि एका पेशीच्या दोन होतात तेव्हा सगळा मजकूर जसाच्या तसा दोघींना मिळतो. चार अक्षरांत असं किती लिहिणार, म्हणून लोक नाक मुरडतात. अहो, तुमचा मोबाइल तर नुसत्या शून्य आणि एकावर चालतो, त्यात दिवसभर डोकं घालून बसता ना?

हा मजकूर असतो प्रथिनं कशी बनवायची याचा. आमच्या सोसायटीचे मूळ नकाशे कपाटात कुलूपबंद असतात. प्लंबर आला की सेक्रेटरी त्याला मूळ नकाशा देत नाही, लागेल तेवढ्या भागाची झेरॉक्स देतो. पेशीतही तेच. डीएनए केंद्रकातून बाहेर पडत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल निघते, ती आरएनए. तिच्यात टीच्या जागी यू हे अक्षर असतं. नकलेतला नको तो भाग कापला जातो, उरलेले तुकडे जोडले जातात आणि ती बाहेर कारागिराकडे जाते. कारागिराचं नाव रायबोसोम. तो नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, अशी वीस जातींची आम्लं. ती उचलून आणणारे हमाल वेगळे, तेही आरएनएचेच. एकापुढे एक आम्ल ओवत माळ तयार होते, आणि 'थांब' म्हणणारी तीन अक्षरं आली की माळ पुरी. ती नीट घडी घालून बसली की झालं प्रथिन. रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन असंच बनतं.

आता चूक कशी होते बघा. पहिलीच्या पुस्तकात असायचं तसं तीन-तीन अक्षरांचं वाक्य घ्या: बदक सतत कमळ बघत. समजा बदकानंतर एकच अक्षर जास्तीचं घुसलं, ट. कारागीर तर तीन-तीननेच वाचणार, बिचाऱ्याला दुसरं काही येतच नाही. तो वाचतो: बदक टसत तकम ळबघ त. एका अक्षरापायी पुढचं सगळं वाक्य वाया. दुसऱ्या तऱ्हेच्या चुकीत नकलेवर कात्री कुठे चालवायची ती खूणच बिघडते, मग कात्री भलतीकडे चालते आणि नको तो भाग आतच राहतो. दोन्हीकडे हिमोग्लोबिनची माळ फसते.

देवाने एक बरं केलंय, या मजकुराच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एकीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते. असा माणूस म्हणजे थॅलेसेमिया मायनर. त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले आणि मुलाच्या वाट्याला दोघांच्याही चुकीच्याच प्रती आल्या, तर ते मूल मेजर. त्याला लहानपणापासून दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागतं. संपलं आमचं शास्त्र. आता गोष्ट.

दीपाली आमच्याकडे आली तेव्हा तिला तिसरा महिना सरत आला होता. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातलं कोळी घर. नवरा नितेश उत्तनच्या बाजूला एका मोठ्या बोटीवर खलाशी, गेला की बरेच दिवस समुद्रातच. सासू हिराबाई मच्छी मार्केटात बसणारी. पहिली मुलगी स्वरा, बालवाडीत जाणारी, मोठ्या डोळ्यांची आणि थॅलेसेमिया मेजर. दर वेळी तिला रक्त चढवायला नेणं, तिथे दिवसभर थांबणं, परत आल्यावर ती चार दिवस उड्या मारणार, मग हळूहळू पुन्हा फिकी पडणार. हे सगळं दीपालीने मला सुईकडे न बघता सांगितलं. शेवटी म्हणाली, "मॅडम, याला पण तेच असेल तर माझ्यात पुन्हा ताकद नाही हो. आणि नसेल तर मला हे मूल पाहिजे." एवढंच तिचं म्हणणं होतं.

बाळाची तपासणी करायची तर आधी आईची चूक कोणती आणि बापाची कोणती ते शोधायचं, मग बाळाकडे त्यातलं काय गेलंय ते बघायचं. स्वराच्याच रक्तावरून का नाही, असं तुम्ही विचाराल. तिला नुकतंच रक्त चढवलेलं, तिच्या अंगात परक्यांचं रक्त मिसळलेलं. अशा वेळी आईबापावरून जायचं ही आमच्या लॅबची पद्धत. दीपालीचं रक्त मी घेतलं. तिच्या वारेचा छोटा तुकडा सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी सुईने काढून पाठवला. आईच्या पोटातली वार ही बाळाच्याच पेशींची बनते, म्हणून तिच्यात बाळाचा मजकूर सापडतो. नवऱ्याचं रक्त आमच्या भाईंदरच्या, नमुने गोळा करायच्या सेंटरवरून आलं. नळीवर नाव नितेशचं, सोबत त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स. त्या झेरॉक्सवरचा फोटो म्हणजे काळा ठिपका, त्यात माझा फोटो असता तरी चालला असता.

दीपालीची चूक लगेच सापडली. कात्रीची खूण बिघडलेली. मग बाळाच्या नमुन्यात बघितलं, तर तीच चूक तिथेही हजर. आईची चुकीची प्रत बाळाकडे आली होती. आता सगळा भार बापाच्या प्रतीवर. तीही चुकीची गेली असेल तर बाळ मेजर, चांगली गेली असेल तर मायनर, म्हणजे काही त्रास नाही.

बापाच्या नळीत नेहमीच्या चुका शोधल्या. एकही नाही. मग त्या जनुकाचं एकेक अक्षर वाचून काढलं. स्वच्छ! रक्ताच्या साध्या तपासण्याही ठणठणीत. या माणसाच्या दोन्ही प्रती चांगल्या होत्या.

आणि इथेच मी अडकले. कारण याच्या दोन्ही प्रती चांगल्या, तर स्वराला मेजर झालं कसं? एक चूक आईची, मग दुसरी आली कुठून? समोरच्या आकड्यांवरून एकच अर्थ निघत होता, की स्वराचा बाप हा नाही. कोणी काही म्हणो, असं वाक्य एखाद्या घरात पडलं की त्या घराचं काय होतं ते मला माहीत आहे. दीपालीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. दोन-तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणायचो. गुजराती, पण आमच्यात राहून त्यांची भाषा खिचडी झालेली. कधी आवाज चढवणार नाहीत. काळजीत पडल्या की ड्रॉवरमधली शेव काढून खायच्या, त्यावरून आम्हाला हवामान कळायचं. मी कागद पुढे ठेवले आणि त्यांनी ड्रॉवर उघडला.

"शिर्के, किसी को एक शब्द नहीं," त्या म्हणाल्या. "बाप नॉर्मल, मग बाळ मायनर. असा रिपोर्ट दिला तर घरचे पेढे वाटतील. पण स्वरा काय आकाशातून पडली? जो रिपोर्ट सगळ्यांना आवडणार ना, त्याची मला भीती वाटते. तीन गोष्टी असू शकतात. आपण नळ्या बदलल्या, नाहीतर बाहेर बदलल्या. आणि तिसरी मी बोलणार नाही. पहिल्या दोन संपेपर्यंत तूपण नाही बोलायची."

आधी आपलं घर झाडून घ्यायचं. मी मूळ नळीपासून सगळं पुन्हा केलं, दुसऱ्या मशीनवर, कोणाला हात लावू न देता. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, माझीच चूक निघू दे. नाही निघाली. तोच निकाल.

बरं, थांबायलाही वेळ नव्हता. पोटातले दिवस पुढे सरकत होते. निर्णय घ्यायचा तर वेळेत घ्यायला हवा, त्याला शरीराची मर्यादा आहे आणि कायद्याचीही. आणि चुकीच्या नळीवर निर्णय झाला तर? बाळ मेजर असताना 'काही नाही' असं सांगितलं, तर दुसरी स्वरा. दुसरीकडे संशय बाहेर फुटला तर दीपाली घराबाहेर. अशा कात्रीत आम्ही दोघी. मी फोन लावला. उचलला हिराबाईने.

"मावशी, लॅबमधून बोलतेय. नितेशचं रक्त गोठलं हो नळीत. परत द्यावं लागेल. लवकर पाठवा."

पलीकडे मार्केटातला गलका ऐकू येत होता. मग, "बरं. उद्या येतो आमी."

दुसऱ्या दिवशी आले तिघं. दीपाली, हिराबाई आणि एक उंच, हसऱ्या तोंडाचा तरुण. मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, या वेळी रक्त तूच घे. मी त्याला आत घेतलं. "बसा नितेश." बसला. मी सांगायच्या आधीच बाही वर, मूठ आवळलेली.

"शीर मस्त आहे हां आपली," तो म्हणाला. "ब्लड बँकवाले पण बोलतात. मॅडम, ही एवढीशी नळी काय करता? बाटली घ्या ना."

"नेहमी देता वाटतं?"

"मग! स्वराला चढवलं की आपल्या घरून एक बाटली द्यायचीच. दादा बोटीवर असतो ना, त्याच्या नावाचं पण मीच देतो."

माझ्या हातातली सुई हवेतच राहिली. "दादा? कोण दादा?"

"नितेशदादा. मी उमेश. त्याचा लहान भाऊ."

इतक्या सहज बोलला तो! जसं काही शेजारच्याचं दूध आणून ठेवलंय. मी सुई ट्रेमध्ये ठेवली, दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या सासू-सुनेला आत बोलावलं. माझा आवाज भलताच वर गेला होता.

"मावशी, हा नितेश नाही?"

"न्हाय. ह्यो उमेश," हिराबाई शांतपणे म्हणाली. "नितेश बोटीवर हाय. आवं, बोटीवरच्या मानसाची कामं घरात हाय त्या भावानं करायची, आमच्यात असंच चालतं. पूजेला उमेश बसतो, स्वराच्या शालेत उमेश जातो, बँकेत उमेश. रक्तपेढीत तर कवापासून त्योच देतो, कोन काय बोललं न्हाय. सख्खा भाऊ हाय, एका आयशीचं रगत. तुमी नाव इचारलं, त्यानं ज्याच्यासाठी द्यायचं त्याचं नाव सांगितलं. चुकलं काय?"

आता सांगा, कोणावर ओरडू? रक्तपेढीत खरोखरच कोणीही दिलं तरी चालतं. बाटलीच्या बदल्यात बाटली. आणि इतकी वर्षं हे घर रक्त म्हणजे तेवढंच ओळखत होतं! हे म्हणजे नितेशच्या नावाची पाटी उमेशच्या गळ्यात. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. दीपाली घाबरून विचारते, "मॅडम, काय झालं? बाळाला काही...?" मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "काही नाही गं बाई, काही नाही झालं. बस तू. पाणी पी." पाणी मात्र मीच प्याले.

मग त्यांना समजावलं. सख्खे भाऊ असले तरी मजकूर एकच नसतो. आईकडे दोन प्रती, बापाकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेकच मिळते, आणि कुठली मिळेल ते कोणाच्या हातात नसतं. घरात एक चुकीची प्रत होती, ती नितेशला गेली असणार. उमेशच्या वाट्याला दोन्ही चांगल्या आल्या. उमेशने डोकं खाजवलं. "म्हणजे माझं रक्त दादाचं नाही चालणार?" मी म्हटलं, "बाटलीत चालेल बाबा, हजारदा चालेल. या नळीत नाही चालायचं."

मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी एका दमात सगळं सांगितलं. त्या ऐकतच राहिल्या. "हे भगवान," एवढंच म्हणाल्या आणि शेवेचं अख्खं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. दोघींनी मिळून संपवलं.

तरी अर्धंच काम झालं होतं. दीपालीवरचं सावट गेलं, बाळावरचं नाही. उलट आता नक्की झालं की नितेश मायनरच असणार, म्हणजे बाळ मेजर असण्याची शक्यता निम्मी. आणि नितेश समुद्रात. बोटमालकाने वायरलेसवरून निरोप धाडला. वायरलेसवर सगळ्या बोटी ऐकत असतात, त्यावर घरातलं काय बोलणार? 'नितेशला ताबडतोब घरी पाठवा,' इतकंच गेलं. मासळी घेऊन एक बोट बंदराकडे परतत होती, तिच्यात त्याला चढवलं.

तो आला तो घरी न जाता थेट लॅबमध्ये. अंगावर मिठाचे पांढरे डाग पडलेला टी-शर्ट, मासळीचा वास, तांबारलेले डोळे. बाकावरची माणसं सरकून बसली. मी पुढे झाले तर त्याने विचारलं, "पोरगी... पोरगी हाय ना?"

अख्खा समुद्र तो हाच प्रश्न घेऊन पार करून आला होता. कोणालाही सुचलं नव्हतं की असा निरोप गेला तर बाप काय समजेल.

"स्वरा चांगली आहे," मी म्हटलं. "शाळेत गेलीय. आम्हाला फक्त तुझं थोडं रक्त पाहिजे."

तो मटकन खाली बसला, तिथेच, लादीवर. तोंड दोन्ही हातांनी झाकून बराच वेळ बसून राहिला. मग हात पुढे केला. "घ्या. किती पन घ्या." या वेळी मी आधार कार्डाचा मूळ कागद मागितला, फोटो बघितला, माणूस बघितला, पुन्हा फोटो बघितला. सेंटरवाल्यांनाही त्या दिवसापासून तीच शिस्त लावली, झेरॉक्स बंद.

नितेशची चूक पहिल्याच फेरीत सापडली. बदकानंतरचा ट. एक अक्षर जास्तीचं, पुढचं सगळं वाक्य वाया. आता बाळाचा नमुना. मोठ्या मॅडम मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या, त्या सहसा येत नसत. आम्ही दोघी पडद्याकडे बघतोय. बदकानंतरचं वाक्य नीट होतं. कुठे ट नाही. मी पुन्हा चालवलं. नाही. तिसऱ्यांदा मॅडमनीच हात धरला, "बस कर शिर्के, मशीन थकेल."

एक तपासणी मात्र बाकी होती, आणि ती आम्ही दर वेळी करायचो. वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर आपण बाळ म्हणून आईच वाचत बसतो. म्हणून त्यात बापाकडचंही काही आलंय ना, हे वेगळ्या खुणांवरून बघायचं. बघितलं. निम्म्या खुणा दीपालीच्या, निम्म्या नितेशच्या, अगदी ठसठशीत. तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा.

रिपोर्ट घ्यायला सगळे आले. मोठ्या मॅडमनी सांगितलं, बाळ मायनर, आईसारखं. दीपालीने विचारलं, "म्हणजे रक्त चढवायला लागणार नाही?" नाही. "कधीच?" कधीच नाही. तिने पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं. नितेश उठला आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. उमेशला मी म्हटलं, तुझी सोयरीक ठरताना कोणी 'या घरात रोग आहे' म्हणून नाक मुरडलं, तर स्वतःच्या नावाने एक नळी देऊन जा, बाकी मी बघते. तो लाजला. म्हणजे कोणीतरी नाक मुरडलेलं असणार.

स्वरा तिच्या आईच्या मांडीवर होती. फिकी दिसत होती, रक्त चढवायची वेळ जवळ आली असणार. आमच्या रिपोर्टने तिचं काहीही बदललं नव्हतं. माझ्या कामाची ही बोच मला कायम राहिली. आम्हाला चुकीचं अक्षर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता यायचं, पुसता यायचं नाही. आता त्यावर मोठमोठे उपाय निघताहेत म्हणतात. निघू देत. लवकर निघू देत, आणि भाईंदरच्या कोळणीच्या नातीला परवडतील असे निघू देत.

निघताना सगळे लिफ्टकडे गेले. हिराबाई मागे राहिली. माझ्या टेबलाशी आली, पिशवी खाली ठेवली.

"मॅडम, एक इचारू? त्या येलेला तुमी फोनवर बोललात, रगत गोठलं. गोठलं न्हवतं ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"जनम गेला माजा मासली इकन्यात. शिली मासली ताजी म्हनून सांगनाऱ्याचा आवाज मला कलतो."

एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, मग ती सासू असो की आणखी कोणी. पण तोंडावरचं काय लपवणार? ती माझ्याकडे बघत राहिली. उमेशचं रक्त, नितेशचं नाव, आमचा खोटा फोन, एकेक गोष्ट ती जोडत होती, मला दिसत होतं. मग तिने पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"म्हंजे तुमच्या मशीननं सांगितलं, स्वराचा बाप आमचा नितेश न्हाय."

"मावशी, मी असं काहीही..."

"आवं, मंग तवाच मला इचारायचं ना!" ती एवढ्या जोरात म्हणाली की आतली पोरं काम सोडून बघायला लागली. "मी सांगितलं आसतं, तुमचं मशीन बिघडलंय म्हनून. दुसरं आना!"

तिने पिशवी उचलली, पॅसेजमध्ये जाऊन दीपालीच्या कडेवरून स्वराला आपल्याकडे घेतलं, आणि सुनेवर खेकसली, "आनि तू गो, अशा येलेला पोरीला उचलून उभी काय ऱ्हातेस? चल, बस तितं."